दोनशे ग्रॅम

"अकरा किलोला दोनशे ग्रॅम कमी," काट्याजवळचा पंच म्हणाला. "शर्यत बाद."

भाची अजून धापा टाकत होती. खवळलेल्या नदीतून पाच किलोमीटर, गुडघ्यांवर बसून, एकाच वल्ह्याने खडक चुकवत ती खाली आली होती आणि चक्क सातवी आली होती. वजन करण्याआधी पंचाने होडीच्या निमुळत्या टोकात हात घालून एक चिंब भिजलेला स्पंज बाहेर काढला आणि माझ्या हातात दिला. तो धरून मी नुसता उभा होतो.

स्पंज माझाच, पाणी टिपायचा. होडी हलकी तर पळते जोरात, म्हणून आदल्या दिवशी मी तिची जुनी ठिगळं घासून घासून पातळ केली होती. मग काट्यावर ठेवली. बरोबर अकरा, नियमाला कमीत कमी हवं तेवढंच! स्वतःवर इतका खूश झालो, की विचारू नका. ओला स्पंज आतच राहिलाय हे या टाळक्यात शिरलंच नाही. तीस वर्षं मी फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवतोय. टाकी दोनशे ग्रॅमने हलकी भरली म्हणून कोणाचं काही बिघडत नाही.

"मामा," भाची म्हणाली, "तो स्पंज पिळ तरी. बूट भिजलेत तुझे."

त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हंगामात चार शर्यती, चार देशांत. एकीत तरी पहिल्या दहांत आली तर पुढच्या वर्षी संघात जागा, नाहीतर घरी. पहिलीत अठरावी, दुसरीत सोळावी, आणि तिसरी मी घालवलेली. आता एकच उरली होती.

संध्याकाळी संघाचे व्यवस्थापक आले. माणूस सज्जन, आवाजही न चढवता म्हणाले, "काका, शेवटच्या शर्यतीला होडी दुसऱ्या कारागिराकडे देऊ या का?"

मी होकाराची मान हलवणार, तेवढ्यात भाची मध्ये पडली. "या होडीला तेवीस ठिगळं आहेत, सर. कुठलं कुठे आहे आणि का आहे, ते फक्त मामाला माहितीय. तोच करेल."

रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, जेवलास का?"

"जेवतो कसला! तुझ्या पोरीचं वर्ष पाण्यात घातलं मी."

"लहानपणी माझी सायकल दुरुस्त केलीस आणि ब्रेक बसवायचाच विसरलास. आठवतंय? गुडघा फुटला माझा. पण दुसऱ्या दिवशी सायकल तुझ्याकडेच आणली ना मी?"

"तेव्हा दुसरं कोण होतं तुला?"

"आता तरी कोण आहे? जेव मुकाट्याने."

शेवटच्या शर्यतीच्या गावी आम्हाला वसतिगृहाची सायकल ठेवायची शेड मिळाली. होडी उलटी करून सुकवली, मग सरळ केली आणि भाचीचे गुडघे टेकतात तिथे आतून फायबरचे दोन थर दिले. रेझिनचा लेप वाळल्यावर होडी झटकली, दोन्ही टोकांत हात घालून चाचपली आणि वजन केलं. ठीक होतं. पुन्हा केलं. तरी जिवाला चैन पडेना. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, मी तर साधं पाणी फुंकत होतो. आणखी एक थर दिला.

"किती भरलं?" भाचीने दारातून विचारलं.

"पुरेसं. जा, आराम कर, बेडके."

पाच वर्षांची असल्यापासून हिला पाण्यातून ओढून काढावं लागायचं, तेव्हापासून ती बेडकी.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या वळणाशी उभा राहिलो. पांढऱ्या फेसातून आधी लाल हेल्मेट दिसलं, मग वल्हं. मी काय ओरडलो ते मला आठवत नाही, पण शेजारचा माणूस दोन पावलं लांब सरकला. फलकावर ती नववी. एकेकीला मागोमाग सोडून वेळ मोजतात, अजून दोघी यायच्या होत्या. एक पुढे गेली, भाची दहावी. दुसरी आली आणि तीन दशांश सेकंदांनी मागे राहिली.

पण काटा बाकी होता. पंच तोच. त्याने दोन्ही टोकांत हात घातले. काही निघालं नाही. स्पंज माझ्या खिशात होता, सकाळपासून मी तो मुठीत दाबत होतो. होडी काट्यावर चढली आणि मी डोळे मिटून घेतले.

"अकरा किलो तीनशे," पंच म्हणाला. "चालेल."

"तीनशे जास्त?" भाची किंचाळली. "मामा! तेवढं ओझं मी पाच किलोमीटर वाहिलं?"

"माझी भीती आहे ती," मी म्हणालो. "तेवढीच भरली."

ती हसत सुटली. "काढणार कधी?"

"पुढच्या हंगामात," मी म्हणालो, आणि पुढचा हंगाम खरोखरच आहे हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं.

तिने माझ्या खिशात हात घातला, तो कोरडा स्पंज काढला आणि माझ्या हातात दिला.

"घे," ती म्हणाली. "डोळे टिप."