क्लॅरिनेट पेलणारा दात

मित्रांनो, मी एक जुना दात आहे. वरच्या ओळीतला, अगदी पुढचा. घाटकोपरच्या टेकडीवर राहणाऱ्या धाकूच्या तोंडात मी अजून उभा आहे; पण माझ्या एका बाजूला आता कोणी नाही.

धाकू मूळचा मालवणकडचा, गिरणी कामगार. संपानंतर गिरणी काही उघडली नाही, तेव्हा तो लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवू लागला. बायको मालन गावी. खोलीत बोलायला कोणी नसे, म्हणून तो वाजवत बसे. क्लॅरिनेटचं तोंड वरच्या बाजूनं टेकतं ते पुढच्या दोन दातांना, म्हणजे मला आणि माझ्या जोडीदाराला. धाकूनं फुंकर घातली की सूर आधी आमच्यात थरथरायचा, मग रस्ताभर पसरायचा. बँडमास्तर नंदकुमार म्हणायचा, "धाकू, तू वाजवलंस ना, की घोडापण ठेका धरतो रे!" धाकू हसायचा आणि आम्ही चमकायचो.

तो बोटानं मंजन लावी. समोरून आम्ही स्वच्छ दिसायचो. पण हिरडीच्या काठाशी, जिथं बोट नीट पोचत नाही, तिथं रोज एक बुळबुळीत थर बसे. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू, स्वतःच बनवलेल्या चिकट आवरणात एकमेकांना धरून राहत. चूळ भरून ते हलत नसत. घासलं असतं तर निघाले असते. तो थर तसाच राहिला आणि लाळेतल्या क्षारांनी दगडासारखा घट्ट झाला. त्याला किटण म्हणतात. किटणावर पुन्हा नवा थर. हिरडी लाल झाली, सुजली. एका सकाळी मंजनात रक्त दिसलं. धाकू घाबरला आणि त्यानं तिथं बोट लावणंच सोडलं. जंतूंचं फावलं.

मग तोंडाला वास येऊ लागला. टेम्पोतून वरातीला जाताना बँडची माणसं त्याच्यापासून सरकून बसत. का, ते कोणी सांगेना. धाकूला वाटलं, आपण गिरणीतून आलेले, बँडमध्ये बाहेरचे, म्हणून टाळतात. तो तोंड मिटून कोपऱ्यात बसू लागला. दिवसचे दिवस मला उजेड दिसत नसे.

दिवाळीला मालन आली. तिनं मात्र सरळ सांगितलं, "तुमच्या तोंडाक वास येता. रागाव नकात, पण डॉक्टराक दाखवा."

"तू पण तशीच!" म्हणून धाकू दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. ती गावी परतली.

पुढं मुलुंडच्या एका वरातीत त्यानं उंच सूर घेतला आणि माझा जोडीदार जागेवरून हलला. सूर फाटला. लोक हसले.

दातांच्या डॉक्टर अनुपमाबाईंनी आरशानं पाहिलं. "पायोरिया आहे. आतलं हाड झिजलंय. हा काढावाच लागेल."

"पण बाई, माका कधी दुखला नाय!"

"तोच तर घोळ आहे, काका. हा आजार बराच काळ दुखत नाही."

जोडीदार गेला. माझं किटण खरवडून काढलं, म्हणून मी वाचलो. आता धाकू मऊ ब्रश हिरडीच्या काठाशी टेकवून हळूहळू घासतो. रक्त थांबलं. पण झिजलेलं हाड भरून येत नाही. क्लॅरिनेटचा भार मला पेलणार नाही. बँडमध्ये तो आता मागच्या ओळीत खुळखुळा वाजवतो. कधी खोलीत एकटाच क्लॅरिनेट मांडीवर घेतो आणि त्यावर नुसती बोटं फिरवतो. कोणतं गाणं चाललंय, मला कळत नाही.

मित्रांनो, हिरडीतून रक्त आलं तर ब्रश लांब नेऊ नका, डॉक्टरांकडे जा. आणि कोणाच्या तोंडाला वास येत असेल, तर सरकून बसू नका. त्याच्या जवळ जा आणि प्रेमानं सांगा. तो रागावेल, तरी सांगा.