येथे कापा

चीर बोटाच्या पेराएवढीही नव्हती. लाल मुखवट्याच्या डाव्या कडेला, ठिपक्यांच्या रेषेवर बरोब्बर सुरू झालेली, आणि डोळ्याच्या भोकापाशी पोचण्याआधीच थबकलेली. तिने भिंग जवळ आणलं. चिरेच्या मधोमध एक इवलीशी पायरी होती, कागद तेवढ्यापुरता कुरतडल्यासारखा... तिने भिंग खाली ठेवलं. मग पुन्हा उचललं.

आतल्या खोलीत लेक झोपली होती. दुपारचं दूध पोटात गेलं की जेमतेम तासभर झोपायची, आणि त्या चोरलेल्या तासात हिची कामं. गंजलेल्या पिना काढायच्या, दुमडलेली पानं टीपकागदात दाबायची, फाटक्या कडांना मागून तलम कागद पातळ खळीने चिकटवायचा. जुन्या कॉमिक्सचे संग्राहक कामं पाठवत ती सगळी दादाच्या ओळखीने. "आमच्या हिचा हात हलका आहे," असं तो सगळ्यांना सांगायचा. त्या हातावर त्याने लहानपणी किती चापट्या मारल्या होत्या ते मात्र सांगायचा नाही.

सकाळी तो स्वतः आला होता, नवजात बाळ आणावं तसा अंक छातीशी धरून. भाचीकडे बघायचंही विसरला.

"चिंगे, हात धुतलेस?"

"धुतले."

"पुन्हा धू."

मग त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून अंक काढला, टेबलावर पालथा ठेवला, आणि दोन पावलं मागे सरला. मागच्या मुखपृष्ठावर मुखवटा. अख्खा.

त्या उडणाऱ्या वीराच्या मालिकेतला हा एवढाच अंक कुणालाही मिळत नाही. छापले होते ढिगाने. पण मागे मुखवटा छापला, कडेने ठिपके मारले, कोपऱ्यात छोटीशी कात्री काढली आणि लिहिलं – येथे कापा. मुलांनी कापला. सांगितलं तस्सं केलं, भोकांतून दोऱ्या ओवल्या, जिन्यांवरून आणि पलंगांवरून उड्या टाकल्या, आणि अंक संपला. उरल्या त्या प्रती, ज्यांच्याशी कुणी खेळलंच नाही. आता तीच मुलं टक्कल पडल्यावर त्या न खेळलेल्या प्रतींसाठी जीव टाकतात...

"माझ्या माहितीत दुसरी धड प्रत नाही," दादा म्हणाला. "आपल्या जुन्या घराजवळचा तो पुस्तकवाला आठवतो? त्याच्या मुलाने माळा साफ केला, त्यात निघाली. एवढी एक चीर आहे बघ. घातली असेल कुणा कार्टीने कात्री. तुझीच कुणीतरी बहीण!"

तो हसला. तिच्या लग्नातही त्याने हेच सांगून सासरच्यांना हसवलं होतं – ही माझा मुखवटा कापायला निघाली होती, अस्से केस ओढले मी हिचे!

"दुरुस्त केलंय हे सांगायला लागेल ना पण?"

"खुळी का तू? दुरुस्ती म्हटलं की अंकाची पत गेली. चीर अशी बुजव की कुणाला कळता कामा नये. मग मी तो प्लास्टिकच्या पारदर्शक, कडक डबीत सीलबंद करून घेतो. एकदा बंद झाली की संपलं, कुणी उघडायचं नाही."

"तूसुद्धा?"

"मी कशाला उघडू?"

आता खळ वाटीत तयार होती. तिने कुंचला बुडवला, काठावर निथळला, आणि तसाच ठेवून दिला. उठून शिवणाचा डबा आणला. आईच्या मागे घरातल्या वस्तू वाटल्या तेव्हा दादाने कपाट नेलं होतं, हिने ही कात्री. आईने कधीतरी ती तारेवर चालवली, तेव्हापासून पात्याला एक खाच होती, आणि घरातली प्रत्येक कापलेली गोष्ट, झबल्याचं कापड असो की वहीचं कव्हर, त्या एका जागी कुरतडलेली असायची.

लहानपणी खेळात वीर नेहमी दादाच. ती खुर्चीला बांधलेली, कारण कुणीतरी संकटात हवं. वाचवायला तो यायचा तेव्हा यायचा – कधी मध्येच कुणी हाक मारली की खेळ विसरून बाहेर निघून जायचा, आणि ती बांधलेलीच, आई येईपर्यंत... मला पण मुखवटा दे ना रे. तुला कशाला, तुला तर पकडतात! आणि गंमत म्हणजे तोही तो कापत नव्हता, नुसता जपून ठेवत होता. म्हणून एका दुपारी मीच कात्री घेतली. ठिपक्यांवरून चालले होते, जीभ दातांत धरून, किती सरळ – आणि मागून "ठेव!" आणि मान मागे ओढली गेली.

पुढे घर बदलताना बाबांनी कॉमिक्सचा सगळा गठ्ठा त्या पुस्तकवाल्याला दिला. दादा बोलेनासा झाला. बाबांशी नाही, हिच्याशी.

शाईच्या छटेवरून छपाईची खेप ओळखणाऱ्या माणसाला स्वतःची प्रत ओळखता आली नाही. सांगितलं तर? तर तो आनंदाने वेडा होईल. माझा अंक माझ्याकडे परत आला, असं गावभर सांगत सुटेल, आणि त्या गोष्टीत ही पुन्हा खुर्चीला बांधलेली असेल. नाही सांगितलं तर चीर बुजेल, डबी बंद होईल, आणि आपण कधी काही कापायला घेतलं होतं याची जगातली एकुलती एक खूण ती स्वतःच्या हलक्या हाताने पुसून टाकेल...

तिने पातं चिरेत सरकवलं. नुसतं बघायला. खाच पायरीत जाऊन बसली. इतक्या मुकाट्याने बसली, की तिच्या मानेवरचे केस ताठ झाले – ओढले जाण्याआधी व्हायचे तसे.

कुणी ओरडलं नाही. खळीवर साय धरू लागली होती.

"आई, मला."

लेक दारात उभी होती, एक गाल उशीच्या वळांनी लाल. टेबलापाशी आली, टाचा उंचावल्या, आणि दुधाने चिकट झालेली बोटं मुखवट्याच्या डोळ्यांकडे नेली. आणि हिच्या घशाशी तो "ठेव!" आला, कधी आला तिलाच कळलं नाही, दादाच्या आवाजात, अगदी त्याच्याच तोऱ्यात. तिने ओठ घट्ट मिटले. एका हातात कात्री तशीच होती. दुसरा लेकीच्या केसांपर्यंत पोचला होता, आणि तिथे तो नेमका कशासाठी गेला होता, हे तिला ठरवता येईना.