थपडेची जागा

मित्रांनो, मी वाल्डेनरोड नावाच्या इवल्याशा जर्मन संस्थानातला एक जुना हद्दीचा दगड आहे. संस्थान एवढेसे, की सकाळी निघालेला घोडेस्वार दुपारच्या जेवणाला परक्या मुलखात पोचे. तरी त्याची वाटणी झाली. आमच्या राजघराण्याची रीतच होती, ड्यूक वारला की मुलूख मुलांत वाटायचा. थोरल्या आल्ब्रेख्तने डोंगर घेतला, धाकट्या लुडोल्फने नदीकाठ. मधल्या टेकडीवर मला रोवले. माझ्या एका अंगावर थोरल्या पातीचे अस्वल कोरले, दुसऱ्यावर धाकट्या पातीचा मासा.

कागद जळतात, म्हणून आमच्याकडे हद्द पोरांच्या गालावर लिहीत. दर सात वर्षांनी सारा गाव हद्दीवरून फिरे, आणि माझ्यापाशी एखाद्या पोराला सणसणीत थप्पड बसे. जागा जन्मभर लक्षात राही. वर एक गोड पाव मिळे. ओटिली नावाची मुलगी थप्पड खाऊन रडली नाही. तिने पाव मात्र दोन मागितले.

तिच्यानंतर ही फेरी बंदच पडली. साठ वर्षांनी अतिवृष्टीत टेकडी खचली आणि मी गडगडत ओढ्यात पडलो. दोन्ही दरबारांचे अमलदार आले. माझी जागा ठाऊक असलेली एकटी ओटिलीच उरली होती, आणि थप्पड खाल्लेल्याचा शब्द अखेरचा मानत. त्याच वर्षी धाकट्या पातीचा ड्यूक आपल्या मुलखातली तरणी पोरे परक्या राजाच्या लढाईला भाड्याने धाडत होता. ओटिलीचे घर त्याच्याच हद्दीत होते, माझ्यापासून चाळीस पावलांवर. तिचा नातू वेंडेल अठरा वर्षांचा होता.

ओटिली काठी टेकत निघाली. माझी जागा आली, ती थांबली नाही. आपल्या घराला वळसा घालून कोबीच्या वाफ्यापलीकडे उभी राहिली.

“इथं.”

“आजीबाई, नीट आठवा,” धाकट्या पातीचा अमलदार म्हणाला. “थप्पड इथंच बसली होती?”

“साहेब, गाल माझा होता का तुमचा?”

थोरल्या पातीचा अमलदार खो खो हसला. “लिहा हो, लिहा! म्हातारी कशाला खोटं बोलेल?”

मला तिथेच रोवले. वेंडेल अस्वलाच्या बाजूला आला आणि घरी राहिला. खरे काय ते मला ठाऊक होते, तरी त्या दिवशी मला बरे वाटले.

पुढे अस्वल झिजले, मासा शेवाळाखाली गेला. गेल्या वर्षी इतिहासाचे एक मास्तर कुणाच्या माळ्यावर सापडलेला नकाशा घेऊन आले. दगड चुकला आहे, उचलून मूळ जागी बसवू, म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. माझे शेवाळ काढा, हवे तर कुंपण घाला. पण मला इथून हलवू नका. दोन्ही ड्यूकांचे वंश केव्हाच बुडाले. वेंडेलचा मात्र समोरच्या घरात अजून नांदतो आहे, ओटिलीने मला इथे आणले म्हणून.