बर्फातले निळे कण

आमच्या प्रयोगशाळेतल्या बिमला अक्कल कमी आणि माया जास्त, हे मी केव्हापासून सांगत होते. गुरुपूजनाच्या सकाळी ते सगळ्यांना पटलं.

आदल्या संध्याकाळी तिने आचान पिमोन, म्हणजे आमच्या बाई, यांच्यासाठी आमच्या थाई रीतीप्रमाणे दूर्वा, लाह्या आणि वांग्याच्या फुलांचं तबक सजवलं. फुलं कोमेजू नयेत म्हणून ते प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये ठेवलं, आणि जागा करायला आमच्याबरोबर संशोधन करणाऱ्या केतचा चंबू बाहेर काढला.

त्या चंबूत केतने महत्प्रयासाने बनवलेले झिंक ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण होते. अतिनील दिवा धरला की ते निळे चमकत. गारव्यात ते लहान राहतात, उकाड्यात वाढतात आणि निळा रंग जातो. सकाळी केतने दिवा धरला, तर चंबू पिवळा चमकला. दुपारी मोजणीच्या यंत्रावर तिची पाळी होती. नंतर यंत्र दुरुस्तीला जाणार होतं, आणि मोजणीशिवाय तिचा प्रबंध अडणार होता. केत मटकन खाली बसली. बिम रडायला लागली.

तेवढ्यात आचान आल्या, ठेवणीतल्या रेशमी कपड्यांत. सप्टेंबरात त्या निवृत्त होणार, म्हणजे हे त्यांचं शेवटचं गुरुपूजन. राग तर त्यांच्या नाकावरच असतो. आता बिमची धडगत नाही, मी मनात म्हटलं.

त्यांनी चंबू पाहिला, मग तबक पाहिलं.

"माझ्यासाठी ठेवलंस ना? मग रडतेस कशाला? बर्फ फोड."

रेशमावर एप्रन चढवून त्या केतजवळ बसल्या. झिंकचं द्रावण शिल्लक होतं. ते बर्फात ठेवून त्यात अल्कली थेंब थेंब सोडायची होती, आणि केतला तर घाई झाली होती. आचाननी तिचं मनगट धरलं.

"आचान, तुम्ही गुरुपूजनाला हॉलमध्ये जा ना. तुमची शेवटची वेळ आहे."

"तुझीही शेवटचीच आहे. हं, सोड आता. हळू."

मी आणि बिम बर्फ फोडत राहिलो. शेवटी दिवे मालवले, केतने अतिनील दिवा धरला आणि चंबू निळा चमकला. मला रडूच आलं. केत पाया पडायला वाकली तशा आचान खेकसल्या, नमस्कार राहू दे, आधी पळ. बर्फाचा डबा छातीशी धरून ती धावत सुटली.

आचान स्टुलावर बसून राहिल्या. समारंभ संपला होता, खाली पोरं आपापल्या शिक्षकांबरोबर फोटो काढत होती. त्या बराच वेळ खिडकीतून बघत होत्या.

"मोन, हॉलमध्ये माझं नाव घेतलं का गं?"

"घेतलं की. टाळ्याही झाल्या."

मी सकाळपासून प्रयोगशाळेतून हललेही नव्हते, आणि ते त्यांना चांगलं माहीत होतं.

"खूप वेळ?" त्यांनी विचारलं.

"खूप वेळ," मी म्हटलं, आणि त्यांचा गारठलेला हात हातात घेतला.