जावयाची पावलं

वही तोंडासमोर धरून मर्टल जी मागे वळली, ती थेट दवाखान्याबाहेरच्या नळापाशी येऊन थांबली. आत खोलीत इंग्रिडबाई, म्हणजे शहरातून आलेल्या मनाच्या डॉक्टर, हातात पेन धरून उभ्याच राहिल्या. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस आणखीच भिंतीकडे सरकला. चूक दोघांपैकी कुणाचीच नव्हती. तो मर्टलचा जावई होता.

लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत मर्टलने शॅड्रकचं तोंड पाहिलं नव्हतं. सासूने जावयाकडे बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, एका छपराखाली बसायचं नाही. भांडण म्हणून नव्हे, मान म्हणून. तो दुकानात असला तर ती बाहेर थांबायची; तिची चाहूल लागली की तो मागच्या दाराने सटकायचा. समोरासमोर यायची वेळ कधी आली नाही, कारण मर्टल जमीन वाचायची. मध्य ऑस्ट्रेलियाच्या तांबड्या मातीतल्या त्या वस्तीत कुठल्याही बाईला शेदोनशे माणसांची पावलं ओळखू येतात, आणि दारात पाय टाकण्याआधी नजर आपोआप खाली जाते. आज मात्र नर्सने शॅड्रकला गाडीतून आणून मागच्या सिमेंटच्या उतारावरून आत नेलं होतं. सिमेंट काय सांगणार? आणि परीक्षा असल्यामुळे पेशंटचं नावही तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

बावीस वर्षं मर्टल त्या दवाखान्यात मदतनीस होती. डॉक्टर बोलायचे ते ती आपल्या भाषेत सांगायची, माणसं बोलायची ते डॉक्टरांना सांगायची, आणि कागदावर सही तिसऱ्याचीच व्हायची. अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने मनाच्या आजारांचं प्रशिक्षण घ्यायला घेतलं. अठरा महिने शहराच्या फेऱ्या मारल्या, पोरींच्या वयाच्या मास्तरणींसमोर बाकावर बसली. आता ही एकच परीक्षा उरली होती: पेशंटच्या समोर बसून वीस मिनिटं बोलायचं, डॉक्टरांनी बघायचं. पास झाली की तिचं मत तिच्या स्वतःच्या नावाने फाइलमध्ये लिहिलं जाणार होतं. ते तिला हवं होतं, फार हवं होतं. पाच वर्षांपूर्वी दुकानाशेजारच्या घरातला एक तरणाताठा माणूस विमानात घालून शहरातल्या इस्पितळात नेला होता. तो आजारी नाही, दुःखात आहे, असं मर्टल तेव्हा म्हणाली होती. मदतनिसाचं कोण ऐकतं? औषधांनी जड झालेली जीभ घेऊन तो परत आला आणि आता दिवसभर दुकानाच्या भिंतीला टेकून बसतो. मर्टल पाव आणायला गेली की अजून त्याच्याकडे बघू शकत नाही.

इंग्रिडबाई बाहेर आल्या.

"काय झालं, मर्टल? बरं वाटत नाहीये का?"

"आत जावई आहे माझा."

"मग घरचाच माणूस आहे की. उलट सोपं जाईल तुम्हाला."

दवाखान्याच्या गाडीला टेकून उभा असलेला बर्टी खो-खो हसला. बर्टी ड्रायव्हर. नात्याने तो शॅड्रकचा आजोबा लागायचा, त्यामुळे थट्टामस्करी करणं हा त्याचा हक्कच होता.

"सोपं म्हणे! बाई, हिला उकळत्या टाकीत बस म्हणा, बसेल. जावयासमोर नाही बसायची."

इंग्रिडबाई वाईट नव्हत्या. त्यांनी फाइल उघडली आणि थकल्या आवाजात वाचलं. "सात आठवड्यांपूर्वी गाडी उलटून भाऊ गेला. तेव्हापासून हा बोलत नाही. आंघोळ नाही. चांगलं घर सोडून पत्र्याच्या आडोशाला झोपतो. डोकं भादरलंय. मेलेल्या भावाचा आवाज येतो, असं बायकोला खुणेने सांगितलंय. मी तासभर बोलले, त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तीन वाजता विमान आहे, मर्टल. मला काहीतरी लिहावं लागेल, आणि माझ्याकडे एवढंच आहे."

"यातलं निम्मं तर मीही केलंय," आपल्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवत बर्टी म्हणाला. "मलाही न्या विमानातून. फक्त खिडकीजवळ बसवा."

"तू गप रे," मर्टल म्हणाली आणि बाईंकडे वळली. "माणूस गेला की घर सोडायचंच असतं. डोकं भादरायचंच असतं. आणि त्याचं नाव घेतलंत का तुम्ही आत?"

"कुणाचं?"

"गेला त्याचं."

इंग्रिडबाईंनी फाइलकडे पाहिलं. नाव वरच लिहिलेलं होतं. ते इथेही नको. "घेतलं," त्या म्हणाल्या. "दोन-तीनदा."

"गेलेल्याचं नाव घेत नाहीत आमच्यात. मग भिंतीकडे नाही वळणार तर काय करणार तो?"

एवढं बोलून मर्टल थांबली. बाईंचं सगळंच चुकलं होतं असं म्हणून मोकळं होता आलं असतं, पण एक गोष्ट तिला खटकत होती. शॅड्रकची पावलं रोज पहाटे आडोशापासून कोरड्या ओढ्याकडे जात होती. तिसऱ्या झाडापाशी टाचा खोल रुतलेल्या, म्हणजे तो बराच वेळ उभा. परतीच्या वाटेवर पाय ओढल्याचे चर. हे तिला महिनाभर दिसत होतं आणि तिने ते दुःखाच्या खाती टाकलं होतं. पण गेले तीन दिवस त्याच्या पावलांबरोबर कुत्रीची पावलं नव्हती. ती लाल कुत्री कधी त्याची पाठ सोडत नसे.

"बर्टी, त्याची कुत्री कुठेय?"

"माझ्याकडे. पहाटे आणून बांधतो आणि जातो. रडून रडून डोकं उठवते मेली."

मर्टल बाईंना म्हणाली, "मला विचारायचंय त्याला. पण माझ्या पद्धतीने."

ती इमारतीला वळसा घालून गेली आणि त्या खोलीच्या काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीखाली, भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली. बर्टी आत गेला. इंग्रिडबाई दारात उभ्या राहिल्या. मर्टलने बोलायचं ते बर्टीशी. आतल्याच्या कानावर पडलं तर तो कानाचा प्रश्न.

"बर्टी, कुत्रीला का बांधून जातो ते विचार."

"ऐकलंस?" आतून बर्टी म्हणाला. "मी नाही विचारत, ही भिंत विचारतेय. कुत्रीला का बांधतोस? तुझ्यापेक्षा तीच बरी दिसते म्हणून?"

हसण्याचा आवाज आला नाही. पण थोड्या वेळाने शॅड्रकची बोटं हलली असावीत. शोकात जीभ बंद ठेवली तरी हात बोलतात, आणि बर्टीला ते वाचता येत होते.

"म्हणतो, ती मागे राहावी म्हणून."

मर्टलला त्याचा अर्थ कळला. प्रशिक्षणात शिकवलं होतं, आडून विचारू नका, सरळ विचारा. आणि सासूने जावयाला असला शब्द कुणाच्या तोंडून पाठवणंसुद्धा लाजिरवाणं. ती मान खाली घालून मातीलाच म्हणाली, "बर्टी, मरायचं मनात आहे का, विचार."

बर्टीला त्या दिवशी पहिल्यांदाच थट्टा सुचली नाही. त्याने विचारलं.

"हो म्हणतोय गं."

दारातून पेन चालल्याचा आवाज आला. मर्टलने डोळे मिटून घेतले. आता थांबले तर विमान नक्की, हे तिला कळत होतं.

"तो आवाज काय म्हणतो? ये म्हणतो का?"

"नाही." बर्टी अडखळत वाचत होता. "घरी ने म्हणतो. थंडी वाजते म्हणतो. रोज तेच. आणि... हा म्हणतो, माझ्याच्याने नेववत नाही. मग जगून तोंड कुणाला दाखवू."

पेन थांबलं.

"बाई," मर्टल भिंतीला डोकं टेकून म्हणाली, "सात आठवडे झाले. तो शहरातल्या शवागारात पडलाय. चौकशीचा कागद कुठेतरी अडकलाय, म्हणून माती मिळाली नाही. थंडी वाजते म्हणतो, त्यात खोटं काय? आवाजाला औषध देऊ नका. औषध द्यायचंच तर त्या कागदाला द्या. पण जीव द्यायचं मनात आहे ते खरं आहे, ते लिहा. ते तुमच्या कागदावर नव्हतंच. आणि याला आत्ता विमानात घातलंत, तर एकाचे दोन होतील शहरात पडलेले."

इंग्रिडबाईंनी ते लिहून घेतलं. मग त्या फोनपाशी गेल्या आणि पाऊण तास तिथून हलल्या नाहीत. आधी गोड बोलल्या, मग चढ्या आवाजात बोलल्या, मग एकाचं नाव लिहून घेऊन त्याच्या वरच्याला फोन लावला. तोवर मर्टलने भिंतीआडून बाकीचं ठरवून टाकलं. बर्टीने आपलं अंथरूण आजपासून शॅड्रकच्या आडोशाला टाकायचं. दिवसा त्याच्या दोन मामांनी पाळीपाळीने बसायचं. कुत्री सोडायची. आठवड्याने बाईंनी पुन्हा यायचं.

"पुढच्या शुक्रवारी पाठवतायत," फोन ठेवून इंग्रिडबाई म्हणाल्या.

बर्टीने आत जाऊन सांगितलं. आतून रडणं ऐकू आलं. सात आठवड्यांत शॅड्रकच्या गळ्यातून निघालेला तो पहिला आवाज. मर्टलला त्याला काही म्हणता येत नव्हतं आणि हातही लावता येत नव्हता. तीही भिंतीला टेकून रडली.

तीनचं विमान एक जागा रिकामी घेऊन गेलं.

इंग्रिडबाई संध्याकाळपर्यंत मागे राहिल्या. परीक्षेचा फॉर्म घेऊन त्या मर्टलशेजारी पायरीवर बसल्या.

"इतकी चांगली मुलाखत मी कित्येक वर्षांत ऐकली नाही. पण इथे विचारलंय, उमेदवार पेशंटच्या समोर, एकाच खोलीत बसून बोलला का. मी 'हो' लिहिते."

"नका लिहू."

"अहो, एवढ्या एका ओळीसाठी नापास व्हाल."

"'हो' लिहिलंत की तो कागद दवाखान्याच्या भिंतीवर लागणार. सगळी वस्ती वाचणार. मर्टल जावयासमोर बसली." तिने मान हलवली. "उद्या कुठलं घर मला दारात उभं करेल? मग कागद घेऊन कुणाच्या मनातलं ऐकू?"

"खरं ते सगळं मी खाली लिहीन. पण 'नाही' लिहिलं तर निकाल मशीनच लावतं, मर्टल. पुढची परीक्षा वर्षाने."

"लिहा 'नाही'."

बाईंनी लिहिलं. मर्टलला वाईट वाटलं, आणि ते तिने लपवलंही नाही. वर्षभरात पुन्हा विमानं येणार होती आणि पुन्हा सही तिसऱ्याचीच असणार होती.

शुक्रवारी भाऊ घरी आला. त्याला माती दिली तेव्हा मर्टल बायकांच्या घोळक्यात पाठ करून बसली होती. पुढच्या मंगळवारच्या टपालाने पाकीट आलं. आत एकच ओळ होती: अपूर्ण. तिने ते चहाच्या डब्यामागे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी झाडाची फांदी घेऊन अंगण झाडायला बाहेर आली. अंगणाच्या कडेला, निलगिरीच्या झाडाखाली, जावयाने सासूसाठी सरपण ठेवायची जी जागा, तिथे मल्गाच्या, म्हणजे तिथल्या बाभळीच्या, लाकडांची मोळी होती. गेल्या दोन महिन्यांतली पहिली. ओढ्याकडून पावलं आली होती, मोळीपाशी थांबली होती आणि घराकडे न बघता आडोशाकडे परत गेली होती. पाय कुठे ओढलेला नव्हता. बाजूने कुत्रीची पावलं होती, येतानाही आणि जातानाही.

मर्टल थोडा वेळ उभी राहिली. मग तिने सगळं अंगण झाडून काढलं, तेवढी वाट सोडून.