माझी जाळी कुणी काढली?

मी एक जुने पीठ मळायचे यंत्र आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी हळव्या आवाजात सांगतात, असा तुमचा अनुभव असेल. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो अजून उतरलेला नाही.

माझा जन्म कारखान्यातला. मोठे गोल भांडे, त्यात फिरणारा वाकडा लोखंडी दांडा आणि वर जाळी. ज्या मिस्त्रीने मला जोडले, त्याने जाळीखाली एक खटका बसवला. जाळी उचलली की मी जागच्या जागी थांबणार. त्याने मला पुन्हा पुन्हा थांबवून पाहिले, तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले. अंगात इतकी ताकद असूनही माझ्यामुळे कुणाला इजा होणार नाही, याचा मला अभिमान वाटला.

पुढे मी एका बेकरीत आले. तिथे पीठ मळायला एक बाई होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. भट्टीवर काम करणारा त्यांचा धाकटा दीर मात्र वहिनी म्हणे. बटण दाबण्यापूर्वी मावशी माझ्या कडेवर हात ठेवून डोळे मिटत. "प्रभू, आजचं काम तुझ्या हातात," एवढीच त्यांची प्रार्थना. मग पदर खोचून कामाला लागत. माझ्या सांध्यांत अडकलेले पीठ त्या काडीने खरवडून काढत आणि हे यंत्र आहे म्हणून आपले खांदे शाबूत आहेत, असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

मालकाला सदा घाई. पीठ घालायला जाळी उचलली की मी थांबे आणि ते थांबणे त्याला खुपे. एके दिवशी त्याने स्वतःच्या हाताने जाळी काढून कोपऱ्यात फेकली आणि खटका तारेने आवळून बांधला. मावशींनी हरकत घेतली, तर ज्यांना भीती वाटते त्यांनी घरी बसावे, असे त्याने सुनावले. हाच माणूस रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून सगळ्यांच्या वरताण आवाजात आमेन म्हणतो!

आणि एका सकाळी व्हायचे तेच झाले. कडेचे पीठ आत सारताना मावशींची बाही माझ्या दांड्यात गुंतली. मला थांबायचे होते, मित्रांनो. मला तसेच तर घडवले होते. पण खटका बांधलेला होता. दीर धावत येऊन बटण बंद करेपर्यंत मावशींच्या उजव्या हाताची बोटे गेली होती.

मालकाने पुढे काय केले असेल? मावशी दवाखान्यात असतानाच त्याने माझे भांडे धुऊन घेतले आणि जाळी परत वर ठेवून दिली. बाई निष्काळजी होती, चालू यंत्रात तिनेच हात घातला, असे तो सांगत सुटला. कामगारांनी माना खाली घातल्या. दीरही गप्प राहिला. घरात लहान मुले, नोकरी गेली तर खायचे काय, ही त्याची भीती मला कळत होती. तरी मला त्याचा संताप आला.

हाताला पट्टी बांधून मावशी बेकरीत आल्या, तेव्हा मालकाने आवाज गोड केला. देव न्यायी आहे, तो बघून घेईल, तुम्ही क्षमा करा आणि विषय मिटवा, असा उपदेश त्याने केला. देवाचे नाव पापावर पांघरूण म्हणून घातलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

मावशी शांतपणे म्हणाल्या, "देव न्यायी आहे, यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच मी तुमचं वाईट चिंतत नाही. तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते. पण जाळी कुणी काढली, हे विचारेल त्याला सांगणार. न्याय देवाचा. खरं बोलायचं काम त्यानं माझ्यावर सोपवलंय."

दीर भट्टीसमोर उभा होता. आत पाव करपू लागले तरी तो हलला नाही.

मावशींच्या तक्रारीवरून सरकारी तपासनीस आले. मावशीही सोबत होत्या. मालकाने त्यांना जाळी दाखवली. यंत्र चालवून दाखवा म्हटल्यावर, त्या दिवसापासून मोटर जळली आहे, असे त्याने ठोकून दिले. तेवढ्यात दीर भट्टी सोडून आला आणि त्याने माझे बटण दाबले. मी घरघरत सुरू झाले. मावशी पुढे आल्या आणि त्यांनी डाव्या हाताने जाळी उचलली.

मी फिरतच राहिले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत फिरत राहिले. तपासनीसांनी मला बंद करवले आणि वाकून पाहिले. खटक्यावरची तार तशीच होती. पीठ घालताना मी थांबू नये म्हणून मालकाने ती सोडलीच नव्हती.

"ती तार मालकांनी बांधली. मी पाहिलंय," दीर म्हणाला. मग मावशींकडे वळून हळूच म्हणाला, "वहिनी, मी हे आधीच बोलायला हवं होतं."

बेकरीला टाळे लागले. मालकावर खटला उभा राहिला. पण बोटे काही परत आली नाहीत.

आता मी दुसऱ्या बेकरीत आहे. माझा खटका दुरुस्त झाला आहे. दीरही इथेच भट्टीवर आहे. वहिनी अजून त्या मालकासाठी प्रार्थना करतात, असे तो सांगतो. मला ते जमत नाही. मी लोखंडाचे आहे.

मित्रांनो, मला तेल द्या, पुसून ठेवा, असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी विनंती वेगळी आहे. कुणावर अन्याय झाला, तर 'देव बघून घेईल' म्हणून पाठ फिरवू नका. देव बघतोच आहे. तुम्हीही पाहिलेत ना? मग सांगा.