झाकण उघडायचं नाही

माझ्या सासऱ्यांचा विश्वास दोनच गोष्टींवर: स्वतःच्या कानांवर आणि खुडूक कोंबडीवर. एखादी कोंबडी अंड्यांवर ठाण मांडून बसली की ते तिच्याशी बाळंतिणीशी बोलावं तसं हळू बोलायचे. मी उबवणीचं यंत्र घरी आणलं तेव्हा मात्र त्यांनी त्या पेटीकडे असं पाहिलं, जणू मी कोंबड्यांच्या उरावर सवतच आणली होती.

“चोवीस अंडी देतो,” ते म्हणाले. “निम्म्यांतून जरी पिल्लं निघाली, तरी मागची खोली तुझी आणि उबवणीचं काम तुझं. नाहीतर यंत्र दुकानात परत.”

मला ती खोली हवीच होती. सहा वर्षं मी खुराडी झाडली, दाणे टाकले, अंडी गोळा केली. पण कुठली अंडी कधी बसवायची, हे मला कोणी एकदाही विचारलं नव्हतं. नवऱ्याला म्हटलं, तू तरी बोल. “मला तुमच्यामध्ये ओढू नका,” म्हणत तो खुराड्याची जाळी दुरुस्त करायला पळाला.

प्रत्येक अंड्यावर एका बाजूला पेन्सिलीने फुली केली, दुसऱ्या बाजूला गोल. दिवसातून तीनदा अंडी फिरवली, वाटीतलं पाणी आटू दिलं नाही. अठराव्या दिवसानंतर फिरवणं बंद आणि झाकणही उघडायचं नाही. तसा कागदच मागच्या खोलीच्या दाराला चिकटवला.

एकविसावा दिवस आला आणि गेला. अंडी ढिम्म. बाविसाव्या दिवशी सकाळी खोलीत गेले, तर सासरे झाकण उघडून, आत डोकं घालून “कुर्र... कुर्र...” करत होते.

“बाबा!”

त्यांनी दचकून झाकण लावलं.

“कधीपासून चाललंय हे?”

“पहिल्या दिवसापासून. रोज चार-पाचदाच फक्त.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. रोज ऊब बाहेर जात होती, म्हणूनच अंडी मागे पडली होती. “मला हरवायचंच होतं, तर सरळ नाही म्हणायचं होतं!”

“हरवायचं कशाला?” त्यांचा चेहरा एवढासा झाला. “अगं, पिल्लं अंड्यात असतात तेव्हापासून कोंबडी त्यांच्याशी बोलते. तुझं यंत्र मुकं. म्हटलं, बिचाऱ्यांना कोणी हाक मारणारं नको?”

हसताही येईना आणि राग टिकेना. पेटीच्या बाजूला हवेसाठी भोकं होती. त्या भोकांसमोर मी स्टूल आदळलं.

“बोलायचं तर इथून बोला. हात मांडीवर.”

बसले बापडे शहाण्यासारखे. चहा तिथेच, जेवण तिथेच. दुपारी नवरा डोकावला, पण मी डोळे वटारल्यावर आल्या पावली परत गेला. चारच्या सुमारास सासऱ्यांची एक कुर्र संपली आणि आतून अगदी बारीक “चिव” ऐकू आलं. ते पुन्हा बोलले. पुन्हा चिव. ते माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सतरा पिल्लं सुकून फुलली होती. मी जिंकले होते! झाकण काढलं, पिल्लांना अलगद टोपलीत ठेवलं आणि मोठ्या प्रेमाने हात पुढे केला. तेवढ्यात सासरे टोपलीच्या पलीकडून “कुर्र?” म्हणाले आणि सतराच्या सतरा माझ्याकडे पाठ फिरवून त्यांच्याकडे धडपडत निघाली. अठरा दिवस फिरवली मी, आणि आई झाले हे!

सासरे खूश होऊन हसले, मग माझा चेहरा पाहून त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली.

“खोली तुझी,” ते म्हणाले. “पुढची अंडी कधी बसवायची?”

मला विचारत होते. मी उगाच जरा विचार केल्यासारखं केलं.

“परवा,” मी म्हणाले. “आणि या खेपेला स्टुलावर मी बसणार.”